जन्मस्थळ

हॉल शाळेचा. बास्केटबॉलच्या रेषांवर
घडीच्या खुर्च्या मांडल्यात,
भिंतीवर प्रोजेक्टरचा नकाशा :
निळ्यावर तांबडी ठिपक्यांची ओळ,
कुणी धावदोरा घालावा तशी,
फक्त हा दोरा काही शिवत नाही.

दक्षिणेकडून आलेला अधिकारी सभ्य आहे.
बूट दाराशी काढले त्याने, सगळ्यांसारखे.
मोज्याला भोक, अंगठा बाहेर,
त्यामुळे त्याचा राग येणंही अवघड होऊन बसलंय.

मी कोपऱ्यात. इतिवृत्त लिहायला.

पहिला साक्षीदार पिउगात्तोक,
वय सत्त्याहत्तर, किंवा एकोणऐंशी.
जन्मस्थळ?
सिकु, म्हणतो म्हातारा.
दुभाषी इगुत्ताक, त्याची भाची, सांगते : बर्फ. समुद्रावरचा.
हो, पण कुठल्या किनाऱ्याला?
कुठल्याच नाही. मधे.

आईला कळा लागल्या तेव्हा कुत्री दमलेली.
वडिलांनी गाडी थांबवली, बर्फ कापून घर रचलं,
चरबीचा दिवा धरेपर्यंत मी आलो होतो.
मागे एक देश, पुढे एक,
खाली तीनशे मीटर पाणी
आणि पाण्यात वालरस, ज्यांच्यासाठी निघालो होतो.

अक्षांश-रेखांश? अंदाजे?
म्हातारा हसतो, खोकला येईपर्यंत.
(इतिवृत्तात हसणं लिहायचं नसतं.)
जुलैत तो बर्फ फुटला, म्हणतो,
आणि निघाला दक्षिणेला, घरासकट.
माझं जन्मस्थळ विरघळलं
तेव्हा मला एकही दात नव्हता.

कायद्यात जमीन आहे. पाणी आहे.
पाण्याखालचा तळ तर आहेच,
त्याचाच सातबारा निघू घातलाय सध्या :
गाळ किती जाड, उताराचा पाय कुठे,
बुडालेल्या डोंगराचं कूळ कुठलं,
तो कुणाच्या अंगणातून पुढे सरकलाय.
जहाजं दगड उपसून नेतात, पुरावा म्हणून.
पाण्याला बांध नसतो म्हणे.
बांध कोरणारे मात्र अगोदरच पोचलेत.
बर्फाचं कलम मी शोधलं. सापडलं एक,
जहाजांनी करायच्या घाणीबद्दल.
बर्फावर दिवा लागतो, हे कुठेच नाही.

अधिकारी पुढचं वाचतो,
आणि इगुत्ताक एका शब्दापाशी अडते.
माझ्याही भाषेत तो मला अडवतो : सार्वभौम.
पोटातच भूमी घेऊन बसलेला शब्द,
समुद्रावर त्याने पाय टेकायचे कुठे?
ती ओठ चावते, मग मामाला विचारते :
तिथे जाताना कुणाला विचारून जायचं?

बर्फाला, म्हणतो तो. लगेच.
दांडा आपटायचा आणि ऐकायचं.
जाड असेल तर एक आवाज, सडका असेल तर दुसरा.
गेली काही वर्षं तो खोटं बोलतो.
पांढरा दिसतो, घट्ट वाजतो,
आणि खालून प्रवाहाने खाल्लेला असतो.
माझा धाकटा गेला त्याच्या शब्दावर.
फेब्रुवारीत. सहा कुत्री आणि तो.
कुत्र्यांपैकी दोन वर आली.

इगुत्ताकने हे भाषांतर केलं नाही.
बराच वेळ केलं नाही.
मग केलं. एका वाक्यात.

प्रोजेक्टरचा पंखा घुंघुं करत राहिला.
अधिकाऱ्याने चष्मा पुसला, पेन उचललं,
ठेवलं. पुढचा प्रश्न तेलाचा होता,
तो त्याने विचारला नाही.
चहा घेऊ या का, म्हणाला.

नंतर कागद गोळा करताना पाहिलं :
जन्मस्थळाची चौकट रिकामी.
शेजारी पेन्सिलीने, बारीक अक्षरात :
विचारून घेणे.
कुणाला, ते लिहिलेलं नाही.

दाराशी तो एका पायावर नाचत बूट चढवतोय,
पिउगात्तोकने खांदा पुढे केलाय धरायला.
खुर्च्या हलल्या, पोरी चेंडू घेऊन घुसल्या,
आणि चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर
यावरून दोघींची जुंपली.
तिसरी दार उघडंच टाकून आलीये.
थंडी आत येतेय.